पेटीत मध्यम बसवू नये

फुकट म्हणजे काय, दादा? परवा फोनवरही तू तेच म्हणालास, "शाळेचे मास्तर पेटी फुकट दुरुस्त करून देतायत, तुझं काय जातंय?" ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाला खडूचा तुकडा दिला नाही, तो आपल्या घरी पेटीत बसवायचा नवा पितळी सूर घेऊन का आला, हे विचारलंस? नाही ना. म्हणून हे लिहावं लागतंय.

मी, पेट्या दुरुस्त करणाऱ्याचा धाकटा मुलगा, वय चोवीस, शाळा सहावीपर्यंत, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की उद्यापासून मला कारखान्याच्या चिमणीवर रंगकामाला चढवणार आहेत. कमरेचा पट्टा जुना आहे. नवा मागितला तर मुकादम हसला. तेव्हा माझं काही बरंवाईट झालं तर पुढीलप्रमाणे करावे.

एक. घरातला माझा हिस्सा आईचा, तिच्यामागे ताईचा. मागची खिडकी दादाने स्वतःच्या पैशाने बसवली हे तो दर वेळी ऐकवतो, म्हणून खिडकी त्याची.

दोन. बाबांच्या मागे राहिलेल्या कानशी, चिमटे आणि पितळी सुरांचा डबा आईकडे राहावा. डब्याला कुलूप लावावे. किल्ली दादाला सापडेल अशा जागी ठेवू नये.

तीन. बाबांची पायपेटी ताईला. अट एकच. तिच्यात मधल्या सप्तकाचा मध्यम, म्हणजे सा रे ग नंतरचा म, कोणीही बसवू नये. ती पट्टी दाबली की नुसती फुस्स हवा येते, तशीच येऊ द्यावी. कारण घरात सर्वांना ठाऊक आहे, तरी कागदावर असावे. शाळेच्या पेटीतला म तुटला तेव्हा बाबांनी आपल्या पेटीतला काढून तिथे बसवला. "आणतो नवा," म्हणाले आणि कधी आणला नाही. त्यानंतरच्या थंडीत ताई सकाळी अंथरूण सोडत नसे, तिला उठवायला त्यांनी या पेटीवर एक चाल बांधली. म नव्हताच, म्हणून चाल ग वरून थेट प वर उडी मारते. मास्तरांनी ती ऐकली आणि तिच्यावर सकाळच्या प्रार्थनेचे शब्द बसवले. शब्द त्यांचे, ते मी नाकारत नाही. पण वर्गात सांगतात, "मध्यम मी विचारपूर्वक वर्ज्य केला." बाबांनी हे ऐकलं तेव्हा म्हणाले, "विचार कसला? होता कुठे?" आणि हसले. मला अजून हसू येत नाही.

चार. शनिवारी शाळेच्या भिंतीत प्रार्थना कोरलेला दगड बसणार. शब्द आणि चाल, दोन्हींपुढे मास्तरांचं नाव. त्याच आठवड्यात त्यांना आमची पेटी धड करायची आहे, आणि त्याच महिन्यात दादाला शाळेत शिपायाची जागा लागली. दादा, मी आरोप करत नाही, फक्त तारखा लिहितोय. आईवरही थोडा संशय आहे. ती म्हणते, "देवाचं गाणं, कोणाचं का असेना." आई, देवाचं असतं तर दगडावर देवाचं नाव असतं.

पाच. मी गेल्यावर शाळेने उभं राहून तीच प्रार्थना म्हटली, तर ताईने मध्येच खाली बसावे.

सहा. हे कलम मी मरायची वाट न बघता अमलात आणावे. ताई, शनिवारी आपली पेटी शाळेत ने. सगळ्यांदेखत म्हण, "सर, आज प्रार्थना हिच्यावर वाजवा." नाही म्हणाले तर तू वाजव. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजेल, कुठे अडणार नाही. मग ती मुकी पट्टी दाबून दाखव आणि गप्प राहा. तोंड उघडलंस तर रडशील, आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतील.

याचा फोटो थेट ताईच्या फोनवर पाठवतोय, कारण घरच्या फोनला दादा आधी हात घालतो.

साक्षीदार: १. मुकादम (वाचता येतं, म्हणून मजकूर झाकून सही घेतली). २. शेजारच्या खाटेवरचा वेल्डर (आपली भाषा येत नाही, म्हणून विश्वासू).

ठिकाण: कामगारांची बराक, खोली नऊ. बुधवार, अकरा तारीख. लिहून ठेवणार: धाकटा, सही.

सोबत टेम्पोचं भाडं पाठवतोय. जाण्याचं आणि येण्याचंही, कारण पेटी तिथे एक रात्रसुद्धा ठेवायची नाही. अक्षरी आठशे फक्त.