मांडवाखालून जाईल असा

३१ डिसेंबर २०२४
मळा, मंद्रूप रोड

अण्णा,

कालपासून एकच काय लावून धरलंयस? रीसेल, रीसेल. ट्रॅक्टर अजून दारात आला नाही, टायरला माती लागली नाही, आणि तू तो विकायला पण काढलास.

शरणु म्हणायचं राहिलंच. शरणु. इकडं सगळं ठीक, म्हणजे मी आणि अप्पा. तू भिंतीपलीकडं घोरतोयस म्हणजे तूही ठीकच. एका घरात असून पत्र कशाला, असं म्हणशील. समोर बोलायला लागले की तू "हे बघ सिद्धी" म्हणतोस, आणि मी खरंच कुठंतरी बघायला लागते. बोलायचं राहून जातं. कागदाला मधेच थांबवता येत नाही.

आधी कामाचं.

तू पुण्याहून पाठवलेलं कोष्टक वाचलं. चांगलं केलंयस. किंमत, डिझेल, सर्व्हिस, तीन वर्षांनी काय येईल. मी सोलापूरला गड्ड्याच्या मैदानावरच्या कृषी प्रदर्शनात जाऊन सगळे छोटे ट्रॅक्टर बघून आले, तीनवर बसले, एक चालवला. कंपन्यांची नावं लिहीत बसत नाही. आपल्याकडं रंगच चालतो.

लाल. सगळ्यात स्वस्त नाही, पण महाग पण नाही. गावागावात आहे, त्यामुळं पार्ट पानटपरीवर मिळेल अशी परिस्थिती. रोटर ओढतो, ट्रॉली ओढतो, फवारणीचा ब्लोअर आरामात फिरवतो. रीसेलला एक नंबर. तुझ्या कोष्टकात हाच पहिला आहे आणि त्यात चूक काही नाही.

निळा. किंमत कमी, डिझेल कमी. शोरूम नवीन आहे, पोरं लई गोड बोलतात. रीसेलचं अजून कुणालाच सांगता येत नाही, कारण घेतलेला कुणी विकायला काढलेलाच नाही. याचा अर्थ चांगला की वाईट, ते तू ठरव.

केशरी. महाग. लालपेक्षा चांगलाच महाग. अंगानं बारका, बुटका, सीट खाली, सायलेन्सर बोनेटच्या पोटाखालून जातो. गियर हलका. ब्लोअर फिरवताना इंजिनचा आवाज फार बदलत नाही. रीसेल कमी. याचं गिऱ्हाईक फक्त द्राक्षबागवाला.

एवढ्यावर तू म्हणशील, मग विषय संपला, लाल घ्या. मला पण तसंच वाटलं होतं. म्हणून जुन्या ट्रॅक्टरवाल्या शेखलालमामांकडं गेले. तुला आठवत असतील, अप्पांचे दोस्त, आपली पहिली ट्रॉली त्यांच्याकडूनच आली होती. अजून तसेच आहेत, खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसलेले. आता गल्ल्यावर त्यांचा अतीक बसतो.

मी विचारलं, "मामा, लाल की केशरी?"

"इकायला का चालवायला?"

"दोन्ही."

"तसं नसतंय बेटा. इकायला लाल. सकाळी दारात लावला की दुपारी गिऱ्हाईक. केशरीचं गिऱ्हाईक येतंय, पन सवडीनं येतंय, चा पिऊन जातंय, परत येतंय." मग म्हणाले, "किती वर्सांनी इकायचाय?"

"तीन. अण्णाच्या कोष्टकात तीन आहे."

"तीन? मग घ्यायलाव कशाला? भाड्यानं चालवा की." अतीक हसला. मामा हसले नाहीत. मला म्हणाले, "तुज्या अप्पाला, शिवपुत्रला, ठाव हाय का हे तीन?"

मी चहा संपवला आणि निघाले. आधी मला कळायला हवं होतं, तीन वर्षांनी काय आहे ते. तुला फोनवर विचारलं तर तू म्हणालास, "इंडस्ट्रीत सगळं तीन वर्षांचंच धरतात." बरं. धरत असतील.

भाड्याचं पण सांगते. आत्ता भाड्यानंच चाललंय. पलीकडच्या मळ्यातल्या अमृतचा छोटा ट्रॅक्टर येतो, त्याची फवारणी झाली की. दावण्या रोग काही अमृतची सवड बघून येत नाही. परवाच्या धुक्यात अप्पा पाठीवर पंप अडकवून खालच्या कोपऱ्यातल्या ओळी मारून आले आणि रात्री त्यांना खांदा वर उचलेना. तुला सांगू नको म्हणाले होते. सांगितलं. ट्रॅक्टर आपला हवा तो यासाठी. तीन वर्षांसाठी नाही.

आता डेमोचं. लालवाले ट्रॅक्टर घेऊन मळ्यात आले होते, तू यायच्या आधीच्या आठवड्यात. तुला मी फोनवर "जमलं नाही" एवढंच सांगितलं होतं. झालं असं की ड्रायव्हर पोरगा सरळ बसलेला, रुबाबात आत घुसला, आणि तिसऱ्या खांबापाशी सायलेन्सर मांडवाच्या तारेला लागला. पोरानं मान वाचवली. वरचे चार घड गेले. ट्रॅक्टरचा दोष काहीच नाही. दुसऱ्या कुठल्याही मांडवाखालून तो आरामात गेला असता.

शोरूमवाला म्हणाला, "काका, मांडव एक फूट वर घ्या की. अँगलला जोड मारायचा. आजकाल सगळे उंचच करतात."

अप्पा म्हणाले, "मांडव न्हाय हलायचा."

"का ओ?"

"न्हाय म्हटलं की न्हाय."

शोरूमवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी गेलेल्या घडांकडं बघितलं.

कालचं आता लिहिते. तू होतास तिथं, पण तू कुठून बघत होतास माहीत नाही, म्हणून मी बघितलं ते लिहिते.

येळ अमावस्येची रानातली पूजा. कडब्याची खोप अप्पांनी एकट्यानं केली. पूजेचे पाच पांडवांचे दगड मी धुतले, चुन्यानं रंगवले. पालेभाज्यांची बज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, सगळं मी केलं. आंबील थोडी जास्त आंबट झाली, मला माहीत आहे, तू तोंड वाकडं केलेलं मी बघितलं. तू गाडी बांधावर लावून फोनवर बोलत आलास आणि मांडवात शिरताना कपाळ तारेवर आपटलंस. टण्णकन आवाज आला. शेजारच्या निंगव्वामावशी, वाण म्हणून उंडे घेऊन आल्या होत्या, त्या पदर तोंडात घालून हसल्या. अप्पा पण हसले. लई दिवसांनी.

"वाकायची सवय गेली व्हय रे तुझी?" म्हणाले.

तू पण हसलास. कपाळ चोळत खाली बसलास. तिथपर्यंत सगळं छान होतं. मग तू उंडा मोडत म्हणालास, "अप्पा, हे एक फूट वर घेऊ आपण. मी बघतो खर्चाचं. लाल आत जाईल, आणि पुढं घेणाऱ्यालाही बरं पडेल."

पुढं घेणारा.

तू ते सहज बोललास. मला वाटतं तुला कळलं पण नाही बोललास ते. निंगव्वामावशींना कळलं, त्या डबा आवरून उठल्या. अप्पांचा हात बज्जीतच राहिला. मग त्यांनी तो धुतला, आंबिलाची घागर उचलली आणि पिकावर चरगा शिंपडायला एकटेच निघाले. दर वर्षी मागून कुणीतरी पाणी शिंपडत जायचं असतं. मी तांब्या घेऊन पळत गेले. तू म्हणालास, "काय झालं?" मी "काही नाही" म्हणाले.

काही नाही असं नव्हतं.

अप्पा अख्ख्या बागेला फेरी मारून आले. अव्वा गेल्यापासून तू मांडवात आला नव्हतास, ते त्यांनी काढलं नाही. तू मळा विकायचं ठरवलंयस का, हेही विचारलं नाही. विहिरीपाशी थांबून, ठाऊक असलेलंच मला परत विचारलं, "यव्वा, त्यो केशरी किती खाली हाय म्हनलीस?"

मी सांगितलं. माझ्या कमरेच्या थोडा वर बोनेट. बसलं की डोकं तारेच्या खाली राहतं, माझं राहतं. तुझं नाही राहणार.

"मग झालं की," म्हणाले.

आता ते लिहिते जे मी वर तीनदा टाळलं. तुझ्या कोष्टकात उंचीचा रकाना नाही. तू विसरलास असं मला वाटत होतं. पण तू विसरला नसणार, कारण मांडव घातला तेव्हा सुतळीचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. मी लहान होते, खांबावर चढून बसले होते. मांडववाला सहा फूट सांगत होता. अप्पांनी अव्वाला घरातून हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली. "हात वर कर," म्हणाले. तिनं केला. तिची मूठ जिथं पोचली तिथं अप्पांनी सुतळी बांधली.

मांडववाला म्हणाला, "काकू बुटक्या म्हणून बाग बुटकी करताव व्हय?"

"घडांची विरळणी ती करनार हाय," अप्पा म्हणाले. "तू न्हाय."

अव्वा लाजली आणि कन्नडमधून काहीतरी पुटपुटत पळाली. सुतळीवर पीठ राहिलं. त्यावरून तू नंतर लई दिवस तिला चिडवायचास.

एवढंच. बाकी बाग पडली, उभी राहिली, बेदाण्याला भाव आला, गेला. मांडव तेवढाच राहिला. तू उंच झालास. मी झाले नाही. गेल्या महिन्यात विरळणी केली तेव्हा एकदाही स्टूल लागलं नाही मला. अप्पा लांबून बघत होते. घरी येऊन त्यांनी भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

म्हणून ठरलं ते असं. केशरी घेतोय. बेदाण्याचे पैसे अप्पांनी काढले, उरलेले हप्त्यानं. आरसी माझ्या नावावर. ते मी मागितलं नव्हतं. शोरूममधल्या पोरीनं "मालक कोण?" विचारलं आणि अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. ती म्हणाली, "मॅडम?" जसं काही समोर दुसरंच कुणी बसलंय. हे लालचा डेमो फसल्यावर लगेच झालं, म्हणजे काल तू लालची बाजू मांडत होतास तेव्हा केशरीचं बुकिंग होऊन गेलं होतं. अप्पांनी ते काल सांगितलं असतं. तू आधी बोललास.

पुण्याच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासची सीट मी सोडली. फोन करून सोडली. बाईंनी विचारलं, काही घरगुती अडचण आहे का? मी म्हणाले, नाही, घरगुती अडचण नाही. तू रूम बघून ठेवलीस, मैत्रिणींशी बोलून ठेवलंस, ते मला कळतं. उपकार नाही म्हणत, भाऊ आहेस. पण मी अधिकारी होईन, मग मळा कुणी बघायचा, मग विकायचा, ही जी तुझी ओळ आहे ना, तिच्यात मी नाही मावत. ती माझ्यासाठी उंच आहे.

तू मळ्याचं काय ठरवायचं ते अप्पांना तोंडानं विचार. कोष्टकात नको. आणि "पुढं घेणारा" म्हणून नको. मी समोर असेन.

रीसेलचं विचारत होतास. मामांना काल परत फोन केला होता. म्हणाले, "बेटा, केशरीचं गिऱ्हाईक भेटंल, पन तुमी इकायला पायजे ना." याच्यावर तू काही बोलू नकोस.

सव्वासात झालेत. अप्पांनी मोटारसायकल काढली, नारळ डिकीत टाकलाय, दोनदा हॉर्न दिला. शोरूम उघडायच्या आत पोचायचं आहे. येताना ते मोटारसायकलवर पुढं, मी ट्रॅक्टरवर मागं, सोलापूरपासून इथपर्यंत. तुझी गाडी फाटकाच्या मधोमध आहे. ट्रॅक्टर बारका आहे पण एवढा बारका नाही. हे पत्र तुझ्या वायपरखाली ठेवते, म्हणजे आधी पत्र घेशील आणि मग गाडी बाजूला घेशील. का थेट पुण्याला जाशील, ते तुझं तू बघ. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी मागच्या सीटवर ठेवलीय, दोन्हीसाठी चालतील.

थांबलास तर मांडवात ये. वाकून ये.

तिसरा हॉर्न. गेले.

अव्वाच्या उंचीची,
सिद्धेश्वरी