प्रशिक्षणाची गरज नाही

१ ऑगस्ट २००३, शुक्रवार
शाळेत कॉम्प्युटर आला. हेडमास्तर काकासाहेबांनी नारळ फोडला, सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. सोबत इंग्लिश शिकवायची सीडी. सगळा अभ्यासक्रम त्यातच. चावी माझ्याकडं, कारण बावीस वर्षं इथं इंग्लिश मीच शिकवून राह्यलो.
तालुक्यातून एक तज्ज्ञ शिक्षक निवडणार आहेत. तो बाकीच्या शिक्षकांना ही सीडी शिकवणार. म्हणजे मीच. एकदा तज्ज्ञ झालो की दहावीचा वर्ग सुटला. मागच्या साली एक्केचाळीसातले एकोणतीस इंग्लिशमध्ये नापास. तज्ज्ञाला रिझल्ट कोण विचारतो?
संकल्प: रोज अर्धा तास सीडी ऐकणे.

४ ऑगस्ट, सोमवार
सीडी लावली. आत एक बाई बोलते. फार जल्दी बोलते. उच्चार सदोष आहेत. सात मिनिटं ऐकली. उद्यापासून बराबर अर्धा तास.

५ ऑगस्ट
लाइट नव्हती.

६ ऑगस्ट
लाइट होती. डोकं दुखत होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पंचायत समितीतून फॉर्म आले. 'डिजिटल अभ्यासक्रमाविषयी शिक्षकांची मते.' सीडी वापरता का? लिहिलं, नियमित. अडचणी? फक्त विजेच्या. प्रशिक्षणाची गरज आहे का? नाही. खाली दोन रेघा मारल्या.
पाचवीच्या पुष्पाबाईचा फॉर्म पाहिला. ती याच शाळेची, माझ्याच हाताखाली दहावी झालेली. तिनं लिहिलंय: सीडीतलं बोलणं समजत नाही, शिकवावे. मी समजावलं की असं लिहायचं नसतं, शिकवणाऱ्यावर येतं. ती म्हणाली, खरंच न्हाई समजत सर. तसंच पाठवलं. पोरगी भोळी आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार
विस्तार अधिकारी साहेब पुढच्या बुधवारी माझा पाठ बघायला येणार. दहावीच्या वर्गाला सीडीवरून शिकवून दाखवायचं. त्यावरून तज्ज्ञ ठरणार. वेळ मी कळवायची. बुधवारी आमच्याकडं दहा ते दोन लाइट नसते. मी अकरा कळवली.
प्लॅन असा: साहेब येतील, लाइट नसेल, मी हळहळ व्यक्त करीन. मंग डिजिटल शिक्षणावर वीस मिनिटं भाषण. मराठीत, म्हणजे सगळ्यांना समजेल. तरीबी या आठ दिवसांत सीडी पूर्ण ऐकून टाकायची.

९ सप्टेंबर
भाषण पाठ झालं. सीडी राह्यली. बायकोनं, वच्छलानं, शर्टाला इस्त्री केली. म्हणाली, तज्ज्ञ झाल्यावर जालन्याला खोली करू, मस्तगडच्या बाजूला. आमच्या या बाईला कधी काही मागायची सवय न्हाई. करू म्हणलो.

१० सप्टेंबर, बुधवार
दहाला लाइट गेली. बरं वाटलं.
साडेदहाला मांडववाल्या संपतचा जनरेटर आला. काकासाहेबांनी गणपतीच्या मांडवातून उचलून आणवला. म्हणाले, "सर, तुमचं काम लाइटपायी अडायला नको." या माणसाला काय म्हणावं!
साहेबांनी सीडीतली चाचणी लावली. बाई प्रश्न विचारते, आपण चार चित्रांतलं एक दाबायचं. आधी सर करून दाखवतील म्हणले. पहिला प्रश्न समजला न्हाई. एक चित्र दाबलं. बाई म्हणाली, ट्राय अगेन. हे मात्र समजलं. दहा प्रश्न झाले. दोन बरोबर, दोन्ही अंदाजानं.
पोरं स्क्रीनकडं बघत राह्यली. एखादं तरी हसायला पाहिजे होतं. मागून देवानंद म्हणाला, "सर, मशीन बिघडलं असंल."
साहेबांनी माझा फॉर्म काढून वाचला, परत घडी घातली. भाषण राहूनच गेलं. जनरेटर एकदाबी बंद पडला न्हाई.

११ सप्टेंबर
रजा. ताप न्हाई, पण येईल असं वाटतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
पत्र आलं. तज्ज्ञ दुसऱ्या शाळेचा. आमच्याकडून पुष्पाबाई दहा दिवस प्रशिक्षणाला, भोकरदनला. फॉर्मवर ज्यांनी मागितलं त्यांनाच बोलावलंय. माझा फॉर्म बदलता येईल का, काकासाहेबांना विचारलं. तो कवाच गेला म्हणले. वच्छलाला अजून सांगितलं न्हाई.
पुष्पाबाईला चावी दिली. देताना बोलून गेलो, येत न्हाई असं लिहून तू माझं नाव घालवलंस. तिनं चावी मुठीत धरली. मंग म्हणाली, "सर, तुम्ही शिकवलं तेवढं सगळं येतं मला. तेवढ्यात भागत न्हाई."
बेल झाली. दहावीचा तास होता, गेलो. धडा तिसरा. मी एक ओळ वाचायचो, पोरं माझ्यामागं म्हणायची. हुबेहूब माझ्यासारखं.