घाटकोपरच्या फायनलमधला पास

प्रिय माधुरीताई,

तुझा गुडघा आता खेळण्याजोगा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मावशीने फोनवर सांगितलं तेव्हापासून हे पत्र मी तीनदा लिहून फाडलंय. हेही पाठवेन असं वाटत नाही.

वर्षभर माझे फ्री थ्रो पडतच नाहीत, हे तुला माहीत आहे. कोणी अडवत नाही, समोर फक्त बास्केट, आणि माझे हात जड होतात. मुलुंडच्या कोर्टवर सर रोज शंभर मारायला लावायचे. सरावात ऐंशी पडायचे, मॅचमध्ये एकही नाही. मग मी बास्केटखाली जाणंच सोडलं. तिथे गेलं की कोणीतरी फाऊल करतं आणि फ्री थ्रोसाठी लाइनवर एकटीला उभं राहावं लागतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

फायनलला आपण एका पॉइंटने मागे होतो, चार सेकंद उरले होते. माझ्या आणि बास्केटच्या मध्ये ती एकच धिप्पाड पोरगी होती. ती मला पाडणार आणि मला लाइनवर उभं राहावं लागणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी बॉल तुला दिला. तू बेधडक घुसलीस आणि ती तुझ्या पायावर कोसळली.

हॉस्पिटलमध्ये तू माझा हात धरून म्हणालीस, "अपू, मनाला लावून घेऊ नको गं. शेवटचा बॉल तू मला दिलास. एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता."

मी "हो ताई" म्हटलं.

खरं सांगितलं तर तुझ्याकडे तेवढंही उरणार नाही. नाही सांगितलं तर मला तुझ्याकडे बघवत नाही. मी काय करू, ताई?

तुझी,
अपू