बॅनरवरचा चेहरा

प्रिय दादा,

अक्षर एवढं मोठं बघून हसू नकोस. उजवा डोळा गेलाच आहे, आणि डाव्याला स्केचपेनने लिहिलेलंच वाचता येतं. फोन केला की तू अर्ध्यावर कापतोस, म्हणून टेमघरहून पत्र.

तुझ्या लेकीचे, पूर्वीचे, डोळे लाल झालेत, डोकं ठणकतं, कानात शिट्टी वाजते, असं भावनावहिनीने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी माझंही असंच सुरू झालं होतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी आपल्याला दोघांना समोर बसवून समजावलं होतं, आठवतंय? शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात, त्या बाहेरच्या जंतूंना मारतात. पण कधीकधी त्यांची बुद्धी फिरते आणि डोळ्यातल्या रंगाच्या पेशीच त्यांना शत्रू वाटतात. तोच रंग कातडीत असतो, म्हणून पुढे तिथेही पांढरे डाग पडतात. त्या राखणदार पेशींना आवरायच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्यायच्या, आणि एकदम बंद करायच्या नाहीत. तू मान डोलावली होतीस.

मग गोळ्यांनी माझं तोंड सुजलं. माझ्या हळदीचा वीस फुटी बॅनर काल्हेरच्या नाक्यावर लागणार होता, आणि फोटोवाला म्हणाला, ताईंचे गाल फार आलेत. झालं. तू गोळ्या उचलून लोखंडी कपाटात ठेवल्यास, लग्नानंतर घे म्हणालास. बाबांच्या मागे तूच घरचा कर्ता, मी ऐकलं. बॅनर काय झकास आला होता रे! हळदीला सगळं गाव नाचत होतं आणि मला समोरची हळदीची वाटी धड दिसत नव्हती. तीन महिन्यांत डोळा गेला, पापण्या पांढऱ्या झाल्या, मानेवर डाग उठला. कोड आहे म्हणून सासरच्यांनी परत पाठवलं, आणि तू त्यांच्याशी बोलायलासुद्धा गेला नाहीस. गोडाऊनचं उद्घाटन होतं तुझं.

गोळ्या का बंद केल्यास म्हणून आई विचारायची. मी म्हणायचे, मीच कंटाळले. ती मरेपर्यंत मलाच बोल लावत राहिली आणि तू शेजारी बसून जेवत होतास. याचा मला राग आहे, दादा. अजून आहे.

काल वहिनी फोनवर रडत होती. रविवारी पूर्वीचा हळदीच्या बॅनरसाठी फोटो आहे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तिचं तोंड सुजलंय, आणि चार दिवसांपासून त्या गोळ्या कपाटात आहेत. त्याच कपाटात. दहा दिवस नाही घेतल्या तर काय होतंय, असं तू म्हणालास म्हणे. शनिवारी सकाळी मी रिक्षा करून येतेय. पूर्वीने माझ्यासमोर गोळी घेतली, तर चहा पिऊन गुमान परत जाईन. नाहीतर तिला जवळ बसवून माझ्या पांढऱ्या पापण्या दाखवीन, आणि आईला जे सांगितलं नाही ते तिला सांगेन.

तरीही तुझीच,
मनाली