लाल दिवा विझला तेव्हा

आबा, तुमचा ट्रॅक्टर अजून आपल्याच अंगणात आहे. मागच्या आठवड्यात तो विकायचं जवळजवळ ठरलं होतं. इंजिन चालू झालं तरी चार्जिंगचा लाल दिवा विझत नव्हता आणि सकाळी सेल्फ मारला की ट्रॅक्टर नुसता कण्हायचा. धाकटा म्हणाला, "बॅटरी मरी गयी, ताई. आते इकीच टाकूत."

मला तुमच्याबरोबरची एक दुपार आठवली. मी कॉलेजात नुकती जायला लागलेय. तुम्ही बॉनेट उघडून उभे आहात, मी चालू इंजिनावरच बॅटरीची तार सोडवायला जाते आणि तुम्ही असे ओरडता की पाना माझ्या हातातून पडतो. "पहिले इंजिन बंद कर!" मग इंजिन थांबल्यावर आवाज खाली आणून माझा अंगठा पंख्याच्या पट्ट्यावर ठेवता. "बॅटरी मरस नई, बेटा. तिले खावाले भेटस नई. कोठे अडकनं ते देख."

म्हणून विकायच्या आधी मी बघितलं. पट्टा दाबला, ताण बरोबर होता. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी पूड गरम पाण्यानं धुतली, तरी दिवा तसाच. शेवटी बॅटरी भरणाऱ्या डायनामोकडून रेग्युलेटरकडे जाणारी तार चाचपली, तर ती आतून हिरवी पडून तुटलेली. नवी जोडली, इंजिन चालू केलं आणि दिवा विझला. मी तिथेच चाकाला टेकून बसले.

पुढचे दिवस ट्रॅक्टर शेतात चालला, बॅटरी भरली. परवा सकाळी तुमच्या सुनेला कळा सुरू झाल्या. नाल्याला पाणी होतं, ॲम्ब्युलन्स पलीकडे डांबरी रस्त्यावर थांबलेली. धाकटा तिला घेऊन ट्रॉलीत गादीवर बसला, मी सीटवर चढले. देवाचं नाव घेऊन सेल्फ मारला. एका झटक्यात इंजिन धडधडलं. पाण्याच्या मधोमध ती ओरडली, "ताई, आते थांबू नका!" मी थांबले नाही.

पलीकडे दोघांना ॲम्ब्युलन्समध्ये बसवून मी घरी परतले. दुपारी नंदुरबारच्या दवाखान्यातून धाकट्याचा फोन आला. "पोरगी व्हयनी, ताई. दोन्ही बेस शेतस." मायलेकी सुखरूप, एवढं ऐकलं आणि मी ओसरीवर उभ्या उभ्या रडले, मग आई विचारायला लागली तेव्हा हसू आलं. केवढं ओझं उतरलं, आबा. विकायचं नाव आता कुणी काढत नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? घडी करून कपाटात ठेवेन. एवढंच सांगते, सगळे म्हणतात पोरीचं नाक तुमच्यावर गेलंय. मला काही तसं दिसलं नाही. पण मीही हो म्हणाले.