काकांची जांभई आणि आपली पेटी

माझी लाडकी आत्या,
आणि आत्याला हे वाचून दाखवणारे जे कोणी असाल ते (आत्याला आता चष्म्यातूनही अक्षर दिसत नाही, तेव्हा तुमचे उपकार आहेत, माझ्या अक्षराला हसू नका, मी शाळा लवकर सोडली),

दोघांनाही वाकून नमस्कार. आत्या, गुडघे कसे आहेत? गोळ्या घेतेस का, की अजून उशीखाली लपवतेस? आम्ही इकडे बरे आहोत, पण काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. पोरीनं काही त्रास दिला नाही, ती बिचारी गाढ झोपली होती. जागवलं ते तिच्या बाबांनी. बेकरीतून दमून आले आणि आडवे पडल्यापासून जांभया द्यायला लागले. त्यांनी तोंड उघडलं की मी दचकून उठायची आणि पोरीच्या खाली हात घालायची. पोर गादीवर, गादी जमिनीवर, पडणार कुठे? पण हात आपोआप जायचा. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अगं, माझ्या जांभईनं तिला काय होणार आहे?" त्यांना काय सांगणार, ते कार्यक्रमाला नव्हतेच. तुला सांगते.

तू दिलेली पेटी लग्नानंतर पलंगाखालीच पडून होती. माझा डावा हात कसा आहे ते तुला माहीत आहे, जन्मापासून मूठ मिटलेली. उजव्यानं पट्ट्या दाबल्या तर भाता कोण मारणार? लहानपणी तू मारायचीस. इथे कोणाला सांगणार, सासूबाईंना? (त्या एकदा बसल्या होत्या. त्यांनी भाता असा मारला जसं काही त्यातून झुरळं बाहेर काढायची आहेत.) मग समोरच्या जिन्यातले ड्रायव्हरकाका भेटले. जन्मभर बस चालवली आणि आवडीनं पेटी वाजवली, आणि मग झटका आला आणि उजवी बाजू गेली. डावा हात मात्र ठणठणीत. म्हणजे बघ, माझा उजवा आणि त्यांचा डावा, दोघं मिळून एक धड वाजवणारा माणूस होतो. आम्ही एकाच सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसतो, ते भाता मारतात आणि मी वाजवते. सूर चढायला लागला की ते बस घाटात चढवल्यासारखे पुढे वाकतात.

त्यांची वाचाही गेलीय, पण गाताना शब्द येतात. (डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी.) म्हणून ते सगळंच गाऊन बोलतात. "मी-ठ क-मी आ-हे" हे इतक्या दर्दभऱ्या आवाजात म्हणतात, की आपलेच डोळे भरून यावेत. काकूंचे काही भरत नाहीत. त्या म्हणतात, "मग घ्या की वरून."

आमच्यात गाणाऱ्या म्हणजे झेरॉक्सवाल्या ताई. त्या कुबड्यांवर उभ्या राहून गातात. बसून गायलं तर पोट दबतं म्हणे. असे आम्ही तिघं. तालमी ताईंच्या दुकानात, शटर अर्धं ओढून. एकदा एक माणूस आत वाकून म्हणाला, "दोन्ही बाजूंनी काढायची होती," आणि आमचं गाणं संपेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला.

पोर आधी माझ्या छातीशी ओढणीत बांधलेली असायची. पण आता तिचे पाय लांब झाले. मी एक सूर धरला की ती टाचेनं दुसरा दाबते, आणि जोरात दाबते. ताई म्हणाल्या, "एक तर हिला शिकवा, नाहीतर काढा." तेव्हा काका गायले, "दे इ-क-डे." त्यांचा उजवा हात कोपरात वाकून छातीशी आवळलेला असतो. व्यायाम घेणाऱ्या बाई हळूहळू उघडतात तेव्हा कुठे जरा सैल होतो. पोरीला त्या वाकात ठेवली तर मापानं शिवल्यासारखी बसली! मी काही घाबरट बाई नाही, पण स्वतःच्या एका हातावर माझा कधी भरवसा नव्हता. आंघोळ घालताना, जिना उतरताना, सारखं वाटायचं की ही निसटणार. काकांच्या हातातून मात्र ती निसटणार नाही, कारण तो हात उघडतच नाही. तालमीच्या वेळेला माझ्या जिवाला तेवढीच विश्रांती.

काल लायब्ररीच्या हॉलमध्ये आमचा पहिला कार्यक्रम होता. काका, मी, पेटी आणि काकांच्या हातात झोपलेली पोर, असे आम्ही पडद्यामागे बसलो. काकूंनी काकांची कॉलर नीट केली आणि जाता जाता, जसं काही दूध तापवून ठेवलंय असं सांगावं तसं म्हणाल्या, "जांभई आली ना, की तो हात आपोआप उघडतो हो यांचा. लक्ष ठेव." आणि गेल्या बसायला!

मी पोरीला काढायला गेले. पण काका तर लोकांपुढे वाजवायचं म्हणून फुलून गेलेले, आणि ते असे खूष झाले की तो हात आणखी आवळतो. पोर निघेना. जोर लावावा तर ती उठेल. तेवढ्यात पडदा उघडला.

आत्या, मी तुला खरं सांगते, मी कार्यक्रमभर लोकांकडे बघितलंच नाही. मी काकांच्या तोंडाकडे बघत वाजवत होते. कंटाळा आला तर माणूस जांभई देतो, मग कंटाळा येऊच द्यायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात. पहिलं गाणं संथ होतं, ते मी पळवलं. दुसरं मुळातच पळतं, ते उडवलं. काका भाता मारून मारून घामाघूम, सुरात ओरडताहेत, "ह-ळू, ह-ळू, ब्रे-क मा-र!" लोकांना वाटलं गाण्यातलंच आहे, टाळ्या पडल्या. ताईंना श्वास पुरेना, त्या मधले शब्द गाळून नुसती टोकं गायला लागल्या. शेवटची ओळ संपल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आग लागलीय का कुठे?"

आणि इथे माझी अक्कल माझ्यावरच उलटली. आमचा कार्यक्रम इतका लवकर संपला की आयोजकांची पंचाईत झाली. त्यांनी अध्यक्षांना विनंती केली, वेळ आहे, दोन शब्द बोला.

अध्यक्ष लायब्ररीचं पहिलं कपाट कोणी दिलं तिथून सुरू झाले. कपाटाचं लाकूड, कपाटाचं कुलूप. टाळ्यांनी फुललेल्या काकांचा हात अजून आवळलेलाच, पोर काही निघेना, म्हणून मी पापणी न लववता त्यांच्याकडे बघत बसले. दुसऱ्या कपाटाला त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. तिसऱ्याला हनुवटी खाली गेली आणि तोंड उघडलं, गुहेसारखं, आणि तो आवळलेला हात छातीपासून सुटून आपोआप वर उठायला लागला. मी पेटी सोडून झेप घेतली आणि माझा उजवा हात पोरीच्या खाली घातला.

तर तिथे आधीच एक हात होता. काकांचा डावा!

त्यांना त्यांची जांभई येण्याआधी कळते, आत्या. झटका आल्यापासून ते त्या हाताबरोबर राहताहेत, त्यांना नाही कळणार तर कोणाला? पोर आमच्या दोघांच्या हातांवर झोपलेली, आणि काकांनी जांभई पूर्ण करून हळूच गाऊन सांगितलं, "मी अस-ताना कशा-ला घा-बर-तेस." मला हसूही आलं आणि रडूही. अध्यक्षांना वाटलं कपाटाच्या आठवणीनं मी गहिवरले. ते चौथ्या कपाटाकडे वळले.

रात्री हात सवयीनं जात राहिला, पण अंगावरून मोठं ओझं उतरलं बघ. आज सकाळी पोरीला आंघोळ घातली, एका हातानं, आणि पहिल्यांदाच माझं लक्ष हाताकडे नव्हतं, तिच्या तोंडाकडे होतं. लायब्ररीवाल्यांनी पुन्हा बोलावलंय (जरा सावकाश वाजवा म्हणाले). मी हो म्हटलं. आता मी पेटी सोडणार नाही.

तुझी,
एका हाताची भाची

ता. क. काकांची सून तिकडेच येते आहे, तिच्याबरोबर पत्र पाठवते. तिला चहा दे, पण बसवून ठेवू नकोस, तिला पुढे जायचंय.

ता. क. दुसरा. वर मी घाबरट नाही असं लिहिलंय ते खोडायला जागा नाही. काकू जांभईचं सांगून गेल्या आणि पडदा उघडला, त्या मधल्या वेळात मी दादाला फोन केला होता. म्हटलं, माझ्याच्यानं हे होत नाही, टेम्पो घेऊन ये आणि ही पेटी आत्याकडे परत नेऊन टाक. तो म्हणाला, रविवारी येतो. आज सकाळी त्याला नको म्हणून सांगायला दोनदा फोन लावला, पण त्याचा आवाज ऐकला की मला रडूच फुटतं, सुटल्यासारखं वाटून रडते, पण त्याला कसं कळणार? दुसऱ्या वेळेला तो म्हणाला, "रडू नकोस, शनिवारीच निघतो." तिसऱ्यांदा केला तर तो आजच येईल. म्हणून हे वाचणारे जे कोणी असाल, आत्याला पुढचं काही विचारू देऊ नका, आधी दादाला फोन लावा. नंबर तिच्या फोनमध्ये पहिलाच आहे. सांगा, पेटी जागेवर राहणार आहे. यायचंच असेल तर तुझ्या भाचीला बघायला ये, रिकामा टेम्पो घेऊन ये आणि रिकामाच परत ने.