शिखराची वाट

ती. आईस निशाचा नमस्कार.

तोरणमाळच्या पाड्यावर मी बरी आहे. थंडीला तुझी गोधडी पुरते. लोणखेड्याला बाबांचा खोकला कसा आहे?

शाळेत रुजू झाले, पण समोरच्या शिखराची वाट मला कुणी धड सांगत नाही. प्रत्येक जण वेगळीकडे बोट दाखवतो. घरमालकीण बुधीबाई म्हणाली, "मागे एक पाहुणा वाट विचारून वर गेला, मग जमीन घ्यायला आमच्या शेतात मोजणीचे खुणेचे दगड आले. तुझा काय भरवसा?"

आज जीपमधून एक जण आला. नुसते फोटो काढायचेत म्हणाला, पण नजर शेतांवर. मी मनाला येईल ती वाट दाखवली. तू म्हणशील, "कसाले पडस त्या भानगडमा?"

तो त्या वाटेने पायी वर गेलाय, जीप अजून शाळेपुढेच उभी आहे. खरी वाट मलाही ठाऊक नाही. मी दाखवली तीच खरी निघाली तर?

तुझी,
निशा